कॅरियरमध्ये मांजर दर वेळी ओरडतं? आधी घड्याळ बघा

तक्रार साधारण एकाच साच्याची असते. कॅरियर, म्हणजे मांजर न्यायची पेटी किंवा बॅग, चांगला घेतला, आत मऊ पांघरूण घातलं, ट्रीट ठेवली, तरी फिरायला नेताना मांजर दर वेळी ओरडतं, लाळ गाळतं, कधी ओकतं, कधी आतच लघवी करतं. मग नवा कॅरियर येतो. चार दिवस बरे जातात आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

उपाय बहुतेकदा बरोबरच असतात, फक्त भलत्या जागी लावलेले असतात. गाडी लागणाऱ्या मांजराला महिनाभर घरात ट्रीट देऊन कॅरियरची सवय लावली, तर ते कॅरियरमध्ये आनंदानं बसतं आणि रस्त्यावर आनंदानं बसल्या बसल्या ओकतं. म्हणून काहीही बदलण्याआधी त्रास फेरीच्या कोणत्या टप्प्यावर सुरू होतो ते शोधा.

तीन फेऱ्यांची नोंद

पुढच्या तीन फेऱ्या मुद्दाम लहान ठेवा, दहा-पंधरा मिनिटांच्या, आणि वेळ लिहून घ्या. कॅरियर बाहेर काढला, मांजर आत गेलं, झाकण लागलं, उचललं, दाराबाहेर पडलो, गाडी सुरू झाली, ठिकाणावर टेकवलं. यांतल्या कुठल्या क्षणी पहिली खूण दिसली?

पहिली खूण म्हणजे पहिलं ओरडणं असं धरू नका. ओरडणं उशिरा येतं. त्याआधी कान बाजूला सपाट होतात, डोळ्यांच्या बाहुल्या उजेडातही मोठ्या राहतात, पंजे पोटाखाली आणि शेपूट अंगाला घट्ट. गाडी लागत असेल तर जीभ सारखी ओठांवरून फिरते आणि मांजर रिकामे घोट गिळतं. हनुवटीखालची लव ओली दिसली तर लाळ सुटलेली आहे. सोबत आणखी कोणी असेल तर एकानं गाडी चालवावी आणि दुसऱ्यानं फक्त मांजराच्या तोंडाकडे बघावं. एकट्यानं दोन्ही जमत नाही.

तिन्ही नोंदी एकाच टप्प्याकडे बोट दाखवत असतील तर काम सोपं. वेगवेगळ्या आल्या तर सर्वांत आधीचा टप्पा धरा, कारण तिथं चढलेली भीती पुढं घरंगळत जाते.

कॅरियर दिसताच मांजर पलंगाखाली

या घरांत कॅरियर वर्षातून दोनदाच माळ्यावरून उतरतो, दोन्ही वेळा सुई टोचून घ्यायला. दुधानं तोंड पोळल्यावर ताक फुंकून पिणारच. इथं कॅरियर बदलून उपयोग नाही, त्याचा अर्थ बदलावा लागतो आणि त्याला दोन ते चार आठवडे लागतात.

कडक प्लास्टिकचा कॅरियर असेल तर वरचा अर्धा भाग आणि दार काढून टाका. फक्त तळ, मांजर एरवी जिथं झोपतं त्या कोपऱ्यात ठेवा. आत त्याच्या अंगाचा वास असलेलं, न धुतलेलं कापड. जेवणाची वाटी पहिल्या दिवशी हातभर दूर आणि रोज वीतभर आत सरकवत न्या. मांजर स्वतःहून आत जाऊन आडवं होऊ लागलं की वरचा भाग बसवा, अजून दार नाही. मग दार बसवा, पण उघडं बांधून ठेवा, कारण हलणारं दार पाठीला लागलं की आठवड्याची मेहनत वाया जाते. त्यानंतर चाटायची ट्रीट समोर धरून दार दोन सेकंद लोटायचं, मग पाच, मग वीस. मिनिटभर दार लागूनही मांजर चाटत राहिलं तर कॅरियर वीतभर उचलून लगेच खाली ठेवायचा.

एक पायरी सलग तीनदा शांतपणे झाली तरच पुढची. बिनसलं तर दोन पायऱ्या मागं. दिवसाला दोन वेळा, प्रत्येकी तीन-चार मिनिटं पुरेत. घाईची माणसं इथंच फसतात: पाचव्या दिवशी मांजर आत झोपलेलं दिसतं, आयती संधी म्हणून दार लावतात आणि थेट दवाखान्यात नेतात.

फेरोमोनचा, म्हणजे मांजराला निर्धास्त करणाऱ्या गंधाचा, स्प्रे वापरत असाल तर तो कापडावर मारून पंधरा मिनिटं थांबा, मगच मांजराला आत घ्या. त्यात अल्कोहोल असतं आणि त्याचा ताजा भपकारा मांजराला नकोसा होतो. स्प्रे लागू पडत नाही म्हणणाऱ्या बऱ्याच घरांत तो दार लावता लावता मारलेला असतो.

उचलताच सुरू होतं

खाली ठेवलेल्या कॅरियरमध्ये शांत आणि उचललं की कासावीस, असं असेल तर मांजराला दोष देण्याआधी कॅरियर मांजराशिवाय उचलून बघा. आत चार-पाच किलोची तांदळाची पिशवी ठेवा, वरच्या मुठीला धरून दहा पावलं चाला. पिशवी किती सरकली? तळ मध्ये किती दबला? प्रत्येक पावलाला कॅरियर मांडीवर आपटला का? मांजर याच झोपाळ्यात बसलेलं असतं.

मऊ कापडी कॅरियरचा तळ हा मोठा गुन्हेगार. आतली पुठ्ठ्याची फळी घामानं, लघवीनं, धुण्यानं लिबलिबीत होते आणि मांजर खड्ड्यात बसल्यासारखं होतं. तळाच्या मापाची पातळ प्लायची किंवा जाड प्लास्टिकची फळी कापून घ्या, कडा घासा, फळीभोवती टॉवेल गुंडाळून खालच्या बाजूनं टाके घाला. नुसता टॉवेल वर अंथरला तर तो मांजरासकट सरकतो. रबरी जाळीची न घसरणारी चटई खाली घातली तर आणखी बरं.

कॅरियर मुठीला धरून लोंबकळत नेऊ नका. दोन्ही हात तळाखाली, छातीशी धरून, दाराची बाजू स्वतःकडे. वजनाला जड जातं हे खरं, पण मुठीला धरून नेलेलं मांजर आणि छातीशी धरलेलं मांजर यांत फरक पहिल्याच फेरीत ऐकू येतो.

मापाचंही इथंच बघून घ्या. मांजर उभं राहून पूर्ण वळू शकलं पाहिजे, आणि लांबी नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतच्या मापाच्या साधारण दीडपट. त्याहून फार मोठा घेतला तर वळणावर मांजर भिंतीवर आदळतं. लहान पिल्लासाठी घेतलेला कॅरियर वर्षभरानंतरही चालवला जातो, ही नेहमीची चूक.

कडक कॅरियरच्या दाराकडे एक नजर टाका. जाळीच्या दाराला वर-खाली दोन खुंट्या असतात. खालचा भाग आणि वरचा भाग जुळवताना वरची खुंटी भोकात बसली नाही, तरी दार लागलेलं दिसतं. उचलल्यावर प्लास्टिक किंचित वाकतं, खुंटी सुटते आणि दार एका कोपऱ्यानं आत पडतं. प्रत्येक फेरीआधी दार लावून वरचा कोपरा अंगठ्यानं जोरात ढकलून बघा. बाजूच्या क्लिप ढिल्या झाल्या असतील तर चारही ठिकाणी केबल टाय घाला.

पाठीवरच्या बबल बॅगेबद्दल

फोटोत छान दिसते. पण घुमटाकार पारदर्शक खिडकी उन्हात आतली हवा कोंडून तापवते आणि मांजराला चारही बाजूंनी उघडं पाडते. घाबरलेल्या प्राण्याला लपायला जागा हवी असते, त्याला काचेच्या शोकेसमध्ये का ठेवायचं? बहुतेक बॅगांत घुमटाच्या जागी जाळी बसवता येते, तीच लावा. वर पातळ सुती ओढणी अशी टाका की समोरची एक बाजू उघडी राहील. आणि बॅग पाठीवर न घेता पुढं, छातीवर घ्या. पाठीवर असेल तर चेन किती उघडली आहे आणि मांजराचं तोंड कसं आहे, हे तुम्हाला दिसतच नाही.

दाराबाहेर पडल्यावर

घरात उचलून फिरवलं तर गप्प, उंबरा ओलांडला की आक्रोश. म्हणजे अडचण आवाजाची आणि वासाची आहे. उपाय कंटाळवाणा आहे पण लागू पडतो: उंबऱ्याशी थांबायचं. दार उघडं, कॅरियर गुडघ्यावर, तीन बाजू टॉवेलनं झाकलेल्या, दोन मिनिटं, ट्रीट, परत आत. चार-पाच दिवस एवढंच. मग जिन्यापर्यंत, मग खाली.

कसोटी एकच ठेवा. मांजर बाहेर खातंय का? घरात ज्या ट्रीटसाठी जीव टाकतं तिच्याकडे बाहेर ढुंकूनही बघत नसेल, तर तिथून मागं फिरायचं. गप्प बसलंय म्हणजे बरं आहे असं समजू नका. दगडासारखं निश्चल, डोळे मोठे, श्वास भरभर, ही थिजलेली भीती असते आणि ती आक्रोशापेक्षा सहज नजरेतून सुटते.

आक्रोश चालू असताना 'ओरडू दे, सवय होईल' म्हणून पुढं रेटणं सगळ्यांत महागात पडतं. सवय होते ती ओरडण्याची.

गाडी सुरू झाल्यावर पाच-दहा मिनिटांनी

उभ्या गाडीत ठीक, इंजिन चालू करून उभी ठेवली तरी ठीक, आणि वळणं सुरू झाली की ओठ चाटणं, लाळ, उलटी. ही गाडी लागण्याची लक्षणं. उभ्या गाडीतच ओरडत असेल तर ती भीती. हा एक प्रयोग दहा मिनिटांत होतो आणि महिन्याचा गोंधळ मिटवतो.

गाडी लागत असेल तर निघण्याआधी साधारण चार तास खायला देऊ नका, पाणी मात्र चालू ठेवा. लहान पिल्लं आणि मधुमेही मांजरं यांना उपाशी ठेवायचं नसतं, त्यांच्या बाबतीत पशुवैद्यांना विचारूनच. इथं एक पेच आहे: उपाशी ठेवायचं आणि सवयीसाठी ट्रीटही द्यायची? चाटायच्या ट्रीटचं एखादं बोट चालतं, वाटीभर जेवण नाही.

कॅरियर पुढच्या सीटमागच्या पायाशी, सपाट तळावर, घट्ट बसेल असा ठेवा. फट राहिली तर चादरीची घडी कोंबा. सीटवर उतरता ठेवलेला कॅरियर प्रत्येक ब्रेकला पुढं झुकतो. बाजूची खिडकी झाकलेली, समोरून हवा येणारी. मुळात गाडी लागण्याची प्रवृत्ती असेल तर नुसत्या सवयीनं ती पुरती जात नाही. मळमळीवर मॅरोपिटंट नावाचं औषध मांजरांना दिलं जातं, मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची. माणसांच्या गोळ्या अजिबात नाहीत. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

भीतीसाठी डॉक्टर कधी कधी गॅबापेंटिन देतात, निघण्याआधी दोन-तीन तास. त्यानं मांजर पेंगतं, पाय लटपटतात. दवाखान्याच्या फेरीसाठी ते ठीक आहे. पण हवापाण्याच्या फेरीसाठी मांजराला औषध द्यावं लागत असेल तर ती फेरी मांजरासाठी नाही, तुमच्यासाठी आहे. सोडून द्या. खिडकीत जाळी लावून तिथं एक फळी ठोकलीत तर ते मांजर जास्त सुखी होईल.

आत लघवी

निघण्याआधी तासभर मांजराला लिटरबॉक्स (शी-शूची पेटी) असलेल्या खोलीत ठेवा. बाकी घर बंद. बरीच मांजरं आपोआप मोकळी होऊन घेतात.

कॅरियरमध्ये एकावर एक दोन थर: पपी पॅड (ओल शोषणारी चौकोनी घडी), टॉवेल, पुन्हा पपी पॅड, टॉवेल. वरची जोडी भिजली की ओढून काढायची, खालची कोरडी तयार असते. मांजर बाहेर न काढता बदलता येतं, हा यातला खरा फायदा.

धुताना फिनेल नको. त्यातली फिनॉल जातीची रसायनं मांजराच्या यकृताला नीट मोडता येत नाहीत, आणि ओल्या तळावर बसून मांजर नंतर पंजे चाटतं. अमोनियाच्या क्लीनरचा वास लघवीसारखाच, म्हणजे तिथं पुन्हा करण्याचं आमंत्रण. एन्झाइमवालं क्लीनर लावा, पाकिटावर लिहिलेला वेळ ओलं राहू द्या आणि मग धुवा. लोक फवारून लगेच पुसतात, मग चौथ्या फेरीला पुन्हा त्याच कोपऱ्यात. दाराच्या चौकटीची खाच आणि स्क्रूची भोकं यांत जुनी लघवी वाळून बसते, तिथं जुन्या टूथब्रशनं घासा.

घरी आल्यावरही बोका सारखा लिटरबॉक्समध्ये जाऊन कुंथत असेल आणि थेंब-दोन थेंबच येत असतील, तर हा कॅरियरचा विषय उरला नाही. मूत्रमार्ग अडलेला असू शकतो, त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखाना.

तोंड उघडून धापा

कुत्रा धापा टाकतो ते नेहमीचं. मांजरानं तोंड उघडून श्वास घेणं नेहमीचं नाही. अति ताण, उष्णता किंवा हृदय-फुप्फुसाचा आजार, तिन्ही शक्यता असतात. फेरी तिथंच थांबवा. सावलीत किंवा थंड खोलीत जा, टॉवेल काढून टाका, हवा खेळू द्या. पाच-दहा मिनिटांत तोंड मिटलं नाही, किंवा हिरड्या फिकट, निळसर वा गडद लाल दिसल्या, मांजर ढेपाळलं, तर सरळ डॉक्टर. मांजराचं नेहमीचं तापमान 38 ते 39.2 अंश सेल्सिअस, 40 च्या वर गेलं की धोका. अंग तापलं असेल तर साध्या गार पाण्यानं पोट आणि पंजे ओले करून वारा घाला. बर्फ नको.

एक छोटा डिजिटल थर्मामीटर कॅरियरच्या आतल्या भिंतीला चिकटवून ठेवा. बाहेरची हवा आणि जाळीआडची हवा यांत मांजराच्या अंगाची ऊबही मिसळते. आतला आकडा 30 कडे सरकला की परत फिरा. बंद उभ्या गाडीत दहा मिनिटांत पारा साधारण दहा अंशांनी चढतो, खिडकी बोटभर उघडी ठेवून त्यात फारसा फरक पडत नाही. 'दोन मिनिटांत येतो' म्हणून मांजर गाडीत ठेवायचं नाही.

शांत फेरीनंतरही दर वेळी धाप लागत असेल तर हृदयाची तपासणी करून घ्या. घरी झोपेत छाती मिनिटाला किती वेळा वर-खाली होते ते मोजा. हा आकडा सतत 30 च्या वर राहत असेल तर तो डॉक्टरांना सांगा.

ठिकाणावर निसटणं

चेनच्या कापडी कॅरियरमधून मांजर नाकानं चेन उघडतं. दोन्ही चेनच्या कड्या एकमेकींत लहान क्लिपनं अडकवा. आतला सुरक्षा पट्टा हार्नेसच्या (मांजराच्या छाती-पाठीभोवती बांधायच्या पट्ट्यांच्या) पाठीवरच्या कडीला लावा, गळपट्ट्याला कधीच नाही, उडी मारली तर फास बसतो. पट्ट्याची लांबी अशी की मांजराची मान बाहेर येईल पण पुढचे पाय बाहेर टेकणार नाहीत. जास्त लांब ठेवला तर तो पायांत गुंततो.

हार्नेस घरूनच घालून निघा. पट्टीखाली एक बोट सहज आणि दोन जेमतेम जावीत. त्याचा सराव आधी आठवडाभर घरात, कारण पहिल्यांदा घातल्यावर बरीच मांजरं आडवी पडून राहतात किंवा वाकडी चालतात. हार्नेसमधून निसटायची पद्धत ठरलेली आहे: मांजर तुमच्याकडे तोंड करून मागं मागं सरकतं, तुम्ही घाबरून दोरी ओढता आणि हार्नेस कोपरांवरून, डोक्यावरून निघून येतो. म्हणजे काढून देता तुम्हीच. मांजर मागं सरकू लागलं की दोरी ढिली सोडा, वाकून त्याच्या मागल्या बाजूला जा आणि टॉवेल टाकून उचला.

पहिल्या पाच-सहा फेऱ्यांत मांजराला कॅरियरबाहेर काढूच नका. कॅरियर बाकावर किंवा मांडीवर, मागं भिंत, दार तुमच्याकडे. जमिनीवर ठेवला की प्रत्येक कुत्र्याचं नाक थेट जाळीशी येतं. दहा मिनिटं, चाटायची ट्रीट, परत. कोणी 'बघू बघू' म्हणत बोट घालायला आलं तर ठामपणे नाही म्हणा.

निसटलंच तर मागं धावू नका. घाबरलेलं मांजर सहसा जवळच्याच आडोशाला घुसतं, गाडीखाली, झुडपात. कॅरियर उघडा करून जमिनीवर ठेवा, जवळ बसा, घरी जेवायला बोलावता त्याच आवाजात हाक मारा. मायक्रोचिप (ओळखीसाठी कातडीखाली बसवतात ती) बसवलेली असेल तर तिचा 15 अंकी क्रमांक आणि तुमचा चालू फोन नंबर नोंदवलेला आहे ना, हे निघण्याआधी तपासायचं. रेबीजसह सगळ्या लसी आणि गोचीड-पिसवांचं औषधही. कुत्र्यांसाठीचं परमेथ्रिन असलेलं औषध मांजराला लावू नका, विषबाधा होते.

घरी परतल्यावर दुसरं मांजर अंगावर येतं

घरात दोन मांजरं असतील आणि एकच फिरून आलं, तर घरचं मांजर त्याच्यावर फिस्कारतं, क्वचित हल्लाही करतं. फिरून आलेल्याच्या अंगाला परका वास लागलेला असतो. मध्ये पडून त्यांची ओळख करून देऊ नका. आलेल्या मांजराला काही तास वेगळ्या खोलीत ठेवा, ते स्वतःला चाटून पूर्ववत होतं. तोवर घरच्याच्या अंथरुणावरचं कापड त्याच्या अंगावरून फिरवा. दार किलकिलं केल्यावर दोघंही आपापल्या वाटीतलं खात राहिली तर उघडा, नाहीतर दुसऱ्या दिवसापर्यंत थांबा.

याउलट, फेऱ्या जमू लागल्या की काही मांजरं दाराशी बसून 'चल' म्हणून तासन्तास ओरडतात. फेरीची वेळ ठरवून टाका आणि त्याआधी दर वेळी हार्नेस मांजराला दिसेल असा धरून वाजवा, म्हणजे दाराऐवजी हार्नेसकडे लक्ष राहतं. दाराशी ओरडत असताना नेलंत तर उद्या पहाटे पाचला पुन्हा तिथंच बैठक.

कॅरियर मात्र पुसून, वाळवून, कोरडं कापड घालून दार उघडं ठेवून त्याच जुन्या कोपऱ्यात ठेवा. माळ्यावर नको. रात्री आत एखादी ट्रीट टाकून ठेवा आणि सकाळी ती गेली आहे का बघा.